पाहुण्यांना सांगितलेली क्रांती

विश्रामबाग, सांगली
१९ जानेवारी २०२५

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टीव्हीमागे सारलं असशील, तर मंगलवहिनी, तुम्ही फोडा आणि तो जेवताना मोठ्यानं वाचून दाखवा. भरल्या ताटावरून तो उठणार नाही. एवढी पलटणीची शिस्त त्याच्यात अजून असेल.

फोन तू उचलत नाहीस. आई गेली त्याला सव्वा वर्ष उलटलं, तेव्हापासून नाही. म्हटलं पत्र लिहावं, पत्राचा तू कधी अपमान केला नाहीस. तू जम्मूला होतास तेव्हा आईची सगळी पत्रं मीच लिहायचे, आठवतं? मी सातवीत. आई भाकरी थापत सांगायची आणि मी चुलीपुढं पालथी पडून लिहायचे. एकदा तिला टायफॉइड झाला होता. एकवीस दिवस अंथरुणात. तरी पत्र सांगायला बसली, "लिव्ह, समदी बरी हाय."

मी म्हटलं, "आये, तू कुठं बरी हायस?"

"पोरगं बंदूक घिऊन हुबं हाय तकडं. त्याच्या डोक्याला घोर कशाला? लिव्ह म्हंते तेवढं लिव्ह."

लिहिलं. तू सुट्टीवर आलास तेव्हा तिचे केस गळून निम्मे झाले होते, आणि तू माझ्यावर चिडलास. मी तेव्हाही गप्प बसले.

असो. मी बरी आहे. गिरणीत काम कमी आहे म्हणून सध्या रजेवर आहे.

एक सांगायचं राहिलं. यमाईच्या यात्रेला मी औंधला आले होते. आईच्या नावानं देवीची ओटी भरायची होती, वहिनी भरतात हे ठाऊक आहे, तरी. विट्याला गाडी बदलून आले, ओटी भरली आणि नारळाच्या दुकानापाशी बसले. रथापुढं तू शिट्टी तोंडात धरून माणसं मागं हटवत होतास. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हवालदारकी सुटत नाही तुझी. पोट थोडं सुटलंय. मिशी पांढरी केलीस की झाली? तुझं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी हाक मारणार होते, पण गर्दी होती. परतीची गाडी पण होती.

तेराव्याच्या मांडवात तू जे बोललास त्याबद्दल हे पत्र नाही.

तुझी बहीण,
क्रांती

(हे पत्र चार दिवसांत लिहिलंय, म्हणून शाई दोन रंगांची. पेन संपलं होतं.)


विश्रामबाग
१० फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्राला उत्तर नाही आणि हा उद्योग मात्र केलास!

मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, वहिनींचं नाव तर मुळीच घेऊ नकोस. मोटारसायकलवरून दोन पाहुणे आले. इस्त्रीचे कपडे, काखेत फाईल. पारावर माझं नाव घेऊन घर विचारत होते, आणि तू त्यांना हाताला धरून सोप्यात बसवलंस. वय काय, घरचं काम करते का, शेतात जाते का, आजारपण काही आहे का, असं सगळं त्यांनी विचारलं. तू वहिनींना शिरा करायला लावलास, वर काजू घालून. आणि म्हणे तासभर माझे गुण गायलास.

कुणाच्या परवानगीनं, दादा? सहा वर्षांपूर्वी एका घरातून मी माझी पेटी उचलून बाहेर पडले, ती दुसऱ्या घरात ठेवायला नाही. साताऱ्याच्या त्या वधू-वर केंद्रात माझं नाव तू आई असताना घातलं होतंस, ते अजून काढलं नाहीस का? मी अडतीस वर्षांची आहे. सूतगिरणीत बारा वर्षं काढलीत. मला बघायला येणार म्हणे! मला न विचारता!

पण खरं सांगू? वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ह्येनी तुमचं इतकं ग्वाड बोललं, मलाच कळंना की कुणाबद्दल चाललंय." त्यावर मी फोन ठेवून हसले. सव्वा वर्षात एकदाही माझं नाव न घेणारा माणूस तासभर माझ्याबद्दल बोलला, तेही गोड. काय बोललास ते ऐकायची फार इच्छा झाली. वहिनींना चहा करायला आत जावं लागलं, त्यामुळे त्यांना निम्मंच ऐकू आलं.

पाहुण्यांचा पुढे काही निरोप आला नाही म्हणून तू खट्टू आहेस, असंही कळलं. बरं झालं नाही आला ते.

क्रांती


विश्रामबाग
२ मार्च

दादा,

मी तुला खोटं लिहिलं. गिरणीत काम भरपूर आहे. काम करायला मी नाही.

आता मात्र सगळं सांगायला हवं, कारण आजारपणात पगाराऐवजी कामगार विम्यातून मिळतं ते माझं मिळणं थांबलंय आणि पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मी खोटारडी ठरले तर ते मिळणं कायमचं बंद होईल आणि गिरणी मला काढून टाकेल. विम्याचे कागद चालू असेपर्यंत त्यांना तसं करता येत नाही, म्हणून ते वाटच बघताहेत. काढलं तर भाडं निघणार नाही, ही खोली जाईल, आणि माझ्यासारखीला दुसरीकडे कोण कामावर घेणार?

एकवीस साली मला करोना झाला होता, तो तुला माहीत आहे. बरा झाला तेही माहीत आहे. मी बरी झाले नाही, ते माहीत नाही. ताप गेला आणि अंगातली ताकद परत आलीच नाही. सकाळी दात घासताना मी बादली उलटी घालून तिच्यावर बसते. केस कापले, कारण न्हायलं की दोन दिवस उठता येत नाही. आठ तास झोपून उठले की झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेली असते. एखादा दिवस बरा जातो, मी हरखून खोली झाडते, कपडे धुते, आणि मग आठवडाभर भिंतीला तोंड करून पडते. मिरजेच्या डॉक्टरांनी तीन वर्षांनी नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग. आता हे नाव मी कुणाला सांगू? थकवा म्हटलं की समोरचा म्हणतो, "मला पण येतो." तुला आठवत असेल, आई असताना तू पण म्हणाला होतास.

गिरणीत रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, मी सूत सांधायचे. तुटला धागा की जोड, पुढं चल, पुन्हा जोड. आठ तास नुसतं चालणं. डिसेंबरात दोन फ्रेमच्या मधल्या वाटेत मी खाली बसले ते उठलेच नाही. तेव्हापासून दर आठवड्याला विम्याच्या दवाखान्यात जाऊन आजारी असल्याचा दाखला आणायचा, असं चाललंय. दवाखान्यात जायला रिक्षा, बाकावर दोन तास, यायला रिक्षा. त्या एका दिवसात मी इतकी मोडते की पुढच्या आठवड्याचा दाखला आपोआपच खरा ठरतो. हसू नकोस. किंवा हस, पण ऐक.

खालच्या मजल्यावर अकिला म्हणून एक बाई शिवणकाम करतात. त्या रोज दोन भाकऱ्या वर आणून देतात. "उठू नका बाई, मी ठिवून जाते," एवढं बोलून जातात. बऱ्याच दिवशी माझ्याशी बोललेलं तेवढंच वाक्य असतं.

आता तेराव्याचं.

तू मांडवात सगळ्या भावकीसमोर म्हणालास, "आय मरत हुती तवा ही झोपली हुती." ते खरं आहे. मी झोपले होते. साताऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस, दोन रात्री मी आईपाशी बसले. तिसऱ्या दिवशी मला जिन्याची पायरी दिसेना. मी तुला म्हटलं, जरा समोरच्या लॉजच्या खोलीवर जाऊन पडते, तासाभरात येते. एकोणीस तास झाले. तू अकरा वेळा फोन केलास. फोन उशीपाशी वाजत होता आणि मला तो ऐकू आला नाही. जागी झाले तेव्हा आईला गावाकडं नेऊन अग्नीही दिला होता.

मी तेव्हा काही सांगितलं नाही. सांगायला शब्द नव्हता. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते त्यानंतर सहा महिन्यांनी. आणि आपल्या घरात आजार सांगायची पद्धत कुठाय? आईनं मला काय लिहायला शिकवलं ते तुला ठाऊक आहे.

दादा, मला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याचं तुझ्याइतकंच मला वाईट वाटतं. तुझ्यापेक्षा जास्त वाटतं, कारण तू तिथं होतास.

आज एवढंच. बोटं दुखताहेत.

क्रांती


विश्रामबाग
२० मार्च

दादा,

विम्याच्या ऑफिसात जाऊन आले. तक्रार काय आहे ते कळलं. गिरणीतल्या एकीनं मला औंधला यात्रेत पाहिलं आणि लिहून दिलं की आजारी म्हणून घरी बसते आणि गावाकडं जाऊन फिरते, शेतात राबते. यात्रेला गेले ही माझी चूक. आजारपणाच्या रजेवर असताना परवानगीशिवाय गाव सोडायचं नसतं, हे मला माहीत होतं. ते मी कबूल करणार आहे. पण शेतात राबते? म्हणून त्यांनी चौकशीला माणसं पाठवली.

मी विचारलं, कुठं पाठवली? साहेबांनी फाईल माझ्यापुढं सरकवली.

दादा, ते पाहुणे नव्हते.

मी ते पान चार वेळा वाचलं, मग त्याची झेरॉक्स मागून घेतली. तुझ्यासाठी खाली उतरवते. भाषा त्यांची आहे, पण आवाज तुझाच येतो.

"सदर इसम नाथाजी हे लाभार्थीचे सख्खे भाऊ असून निवृत्त सैनिक आहेत. कर्मचाऱ्यांनी ओळख देण्यापूर्वीच त्यांनी आग्रहाने घरात बसवून घेतले. लाभार्थीबाबत विचारता त्यांनी सांगितले की, माझी बहीण लाखात एक आहे. चार गड्यांचे काम एकटी ओढते. पहाटे चारला उठते, पन्नास माणसांचा स्वयंपाक एकहाती करते. उसाच्या भांगलणीत तिच्या ओळीला कुणी येत नाही. तिला आजतागायत दवाखान्याची पायरी चढावी लागलेली नाही. स्वभावाने गरीब, उलट उत्तर ठाऊक नाही. आईची शेवटपर्यंत सेवा केली. जबाबावर सही मागता, पाहुण्यांत सही कशाला, असे म्हणून त्यांनी हसून नकार दिला. मुलगा काय करतो, अशी विचारणा त्यांनी दोन वेळा केली. तिचा संदर्भ लागत नाही. चहा व शिरा देण्यात आला."

साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी तोंडाला पदर लावून बसले होते. त्यांना वाटलं, चोरी पकडली म्हणून रडते. मी हसत होते. दोन्ही चाललं होतं म्हण ना.

'स्वभावाने गरीब, उलट उत्तर ठाऊक नाही.' दादा! देवाची तरी भीती बाळगायची!

तुला दोष देत नाही. सोप्यात पाहुणे बसलेत आणि बहिणीला आजार काय आहे म्हणून विचारताहेत, तर आपल्याकडं कोण भाऊ खरं सांगेल? शत्रूच्या बहिणीला पण आपण निरोगीच सांगतो. तू माझं भलं करायला बसलास आणि माझ्या पायावर धोंडा घातलास.

पण एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आईची शेवटपर्यंत सेवा केली. हे तू कुणाला सांगितलंस? पाहुण्यांना, हो ना? पाहुण्यांसाठी खोटं बोललास. एवढंच असेल. मी रोज ते वाचते आणि रोज स्वतःला तेच समजावते.

आता तुला एकच मागते. आजवर काही मागितलं नाही, ओवाळणीत पण तू देशील ते घेतलं. ३ एप्रिल, गुरुवार, सकाळी अकरा वाजता, विम्याच्या ऑफिसात सुनावणी आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू ये आणि सांग की हे सगळं पाहुणे समजून बोललास. चारचौघांत खोटं बोललो म्हणून कबूल करणं तुला जड जाईल, मला कळतं. त्यातून मी आजारी आहे हे तू मानतच नाहीस. मग येऊन काय सांगशील, हेही मला कळत नाही. तू आला नाहीस तर फाईलीत हेच पान राहील.

माझ्याबद्दल कुणी एवढं चांगलं कधी लिहिलं नव्हतं, आणि त्यानंच माझं काम जाणार आहे.

क्रांती


विश्रामबाग
७ एप्रिल

दादा,

गुरुवारी जे झालं ते तुला ठाऊकच आहे, तू तिथं होतास. तरी लिहिते, कारण ते झालं तसं कुठंतरी लिहिलेलं असावं.

मी दहालाच जाऊन बसले होते. जिन्यात बुटांचा आवाज आला आणि मान न वळवता मला कळलं. एवढ्या उन्हाचा तू कोट घालून आलास, पदकं लावून! माझ्याकडे बघितलं नाहीस. साहेबांसमोर सावधान उभा राहिलास. ते बसा म्हणाले तरी बसला नाहीस.

"साहेब, त्या दिवशी म्या सांगिटलं त्ये खोटं हाय. पाव्हणं समजून बोललो. माज्या बहिणीचं कुटं जमत आसंल तर जमावं म्हणून बोललो."

साहेबांना हसू आवरेना. मग ते म्हणाले, "मग खरं काय ते सांगा. आजारी आहेत का त्या? तुम्ही स्वतः काय बघितलंय?"

मला वाटलं, आता तू म्हणशील, मला काय ठावं, आमचं बोलणं नाही.

"यात्रंत बघितली म्या तिला."

दादा, मी तुला लिहिलं होतं की तुझं लक्ष नव्हतं.

"नारळाच्या दुकानापसनं यष्टीच्या थांब्यापतुर दोनशे पावलं हायती, साहेब. फौजंतला माणूस हाय मी, नजरंनं मोजतो. तेवढ्यात ती चार येळा बसली. एकदा तर रस्त्यातच, मानसं वलांडून जायाची. मी शिट्टी वाजवत हुतो आन् तिलाच बघत हुतो. जावं का न्हाई, जावं का न्हाई, करत ऱ्हायलो. गाडी आली, ती चढली. चढताना बी कंडाक्टरनं हात दिला. आमची क्रांती कवा कुणाचा हात धरणारी न्हवं, साहेब. तवाच मला कळलं ही लय आजारी हाय म्हणून."

"मग पाहुण्यांना तसं का नाही सांगितलंत?"

"पाव्हण्यास्नी?" तू म्हणालास. एवढंच. आणि साहेबांनी मान हलवली. तेही इकडचेच असणार.

पुढे त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. तू म्हणालास, "त्या कागदातलं एक खोटं न्हाई. आईचं लिवलंय त्ये. त्ये तसंच ऱ्हाऊ द्या." हे सांगताना पण माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मात्र बघत होते.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. रिक्षात तू शेजारी होतास. जिना चढवताना मागून पाठीला तुझा हात होता. दार उघडलं, तुला म्हटलं, बस, चहा टाकते. आणि पलंगावर टेकले.

पुढचं मला अकिलाबाईंनी सांगितलं. मी तशीच आडवी झाले, चपला पायात. त्या भाकरी घेऊन वर आल्या तर तू खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला होतास, कोट मांडीवर घेऊन. त्यांनी विचारलं, उठवू का, भाऊ आलाय आणि ही झोपलीय. तर तू म्हणालास, "उठवू नका. झोपू दे तिला."

त्या साडेचारला पुन्हा आल्या तेव्हाही तू तिथंच, तसाच. औंधची शेवटची गाडी धरायची म्हणून गेलास. मला जाग आली ती दुसऱ्या दिवशी. अंगावर चादर होती, चारी कडेनं गादीखाली खोचलेली, पलटणीच्या पद्धतीनं. इतकी घट्ट की मला पाय हलवता येईना. किती वेळ मी तशीच पडून होते. चादर उसकटावीशी वाटेना.

माझं मिळणं पुन्हा चालू झालंय. न सांगता यात्रेला गेले तेवढ्या दिवसांचं कापलं, बाकीचं देणार आहेत. पण वर्षाकाठी ठरावीकच दिवस मिळतात, त्यातले जेमतेम तीन आठवडे उरलेत. ज्या आजारांना जास्त दिवस देतात त्या यादीत माझ्या आजाराचं नाव नाही. पुढे काय ते मला माहीत नाही. खोलीत परत मी आणि भिंत. अकिलाबाई माहेरी गेल्यात, त्यामुळे कालपासून कुणाशी बोलले नाही. रात्री ताप होता. आज दुपारपासून या ओळी लिहितेय.

बघ, मी हे सगळं लिहिलं. आईनं सांगितलेलं 'समदी बरी हाय' तू जम्मूत बसून खरं धरलंस. आता हे पण खरं धर.

तुझी आजारी बहीण,
क्रांती